एका रुपयाचे तीन वाटे: लिस्प, आणे-पै आणि भुसार दुकानाची खतावणी

आजचा धागा एका संगणकभाषेचा आणि एका खतावणीचा आहे. दोन्ही एकत्र कशा आल्या, ते सांगतो.

जॉन मॅकार्थी यांनी लिस्प ही भाषा १९५८ मध्ये एमआयटीत घडवावयास घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ रोजी, आपल्याकडे रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि आणे-पै व्यवहारातून निघू लागले. तोवर सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै, असा हिशेब होता. १९२ या संख्येला तिनाने नि:शेष भाग जातो, शंभराला जात नाही. एका रुपयाचे तीन समान वाटे पूर्वी प्रत्येकी पाच आणे चार पै असे बिनचूक होत. नव्या नाण्यांत ते कधीच झाले नाहीत.

बिबवेवाडीतील माझ्या एका मैत्रिणीच्या घरी भवानी पेठेतल्या भुसार दुकानाची १९४०च्या दशकातील खतावणी आहे. दुकान तीन भावांचे. नफा रोज तीन ठिकाणी नावे पडे. तिने नोंदी दशांश करून, दोन स्थळांपर्यंत, तक्त्यात भरल्या. वर्षाच्या बेरजेत तिन्ही वाटे मिळून एकूण नफ्यापेक्षा सुमारे तीन रुपये कमी भरले. त्या काळी ही रक्कम क्षुल्लक नव्हती. त्यातच, थोरले आजोबा हिशेबाला कात्री लावत, अशी कुजबुज त्या घरात दोन पिढ्या चालत आली होती. तक्त्याने जणू पुरावाच दिला.

आमच्या लहानशा लिस्पप्रेमी मंडळीत तिने हा प्रश्न मांडला. कात्रजकडे राहणाऱ्या एका जुन्या जाणत्याने तात्काळ विचारले, ‘दशांश कशाला करतेस?’ कॉमन लिस्पमध्ये एक भागिले तीन याचे उत्तर १/३ हेच राहते, ते ०.३३ होत नाही. प्रत्येक नोंद पैंत मोजून १९२ ने भागली आणि अपूर्णांकांचीच बेरीज घेतली. ती पैपर्यंत जुळली. रोजचा हरवलेला पैसा तक्त्याने गिळला होता. थोरल्या आजोबांवरचा आळ एका भागाकाराने फिटला, तो मात्र ते गेल्यानंतर फार उशिरा.

यापुढचे काम मला अधिक रंजक वाटले. मैत्रिणीला हे सारे वहीसारखेच छापून हवे होते. वहीत रुपयापुढची एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा: १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. लिस्पची फॉरमॅट ही सूचना मोठी बहुश्रुत आहे. ती आकडे इंग्रजी शब्दांत लिहिते आणि रोमन अंकांत छापते; इतकेच काय, घड्याळाच्या तबकडीवर असतो तसा चार रेघांचा जुना रोमन चारही तिला ठाऊक आहे. लाख-कोटी मात्र ठाऊक नाहीत. स्वल्पविराम किती अंकांमागे द्यावा हे तिला सांगता येते, पण आधी तीन आणि मग दोन-दोन, ही आपली रीत तिच्या नियमांत बसत नाही. (रोमन साम्राज्याला मान, सातारा-पुण्याच्या हिशेबनिसांना नाही!)

वाट जाणत्यानेच दाखवली. टिल्ड चिन्हापुढे दोन तिरप्या रेघांत आपल्या फलनाचे नाव लिहिले की फॉरमॅट छपाईचे काम त्या फलनाकडे सोपवते. नाव देवनागरीत चालते, म्हणून आम्ही ~/रुपये/ असेच लिहिले. रकमा अक्षरी लिहिण्यासाठी मात्र शंभर नावांची यादीच द्यावी लागली. एकोणीस, एकोणतीस, थेट एकोणनव्वदपर्यंत नियम चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असे वाचन आले तेव्हा उठलेला वाद ज्यांना आठवतो, त्यांना ही यादी करण्यातले कष्ट कळतील. यादीतली नावे एकेक करून मैत्रिणीच्या आजींनी तपासली. त्यांनी शाळेत पावकी, निमकी, दिडकी म्हटलेली. ३॥ पुढे आम्ही ‘साडेतीन’ घातले होते. त्यांनी शेजारी ‘औट’ही घालायला लावले, कारण औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा.

स्तंभांची रांग मात्र अजून वाकडी येते. ‘बिबवेवाडी’ या शब्दात आपण पाच अक्षरे मोजतो. लिस्प वेलांट्या, मात्रा, काना धरून नऊ मोजते आणि त्या हिशेबाने मोकळी जागा सोडते. अक्षरसमूह ओळखून रुंदी मोजणारे छोटे फलन जाणत्याने काल रात्री धाडले आहे. जोडाक्षरांवर ते अजून अडखळते. ‘क्षि’ हे एक अक्षर तिथे चार भागांचे आहे, आणि खतावणीत ‘लक्ष्मण’ नावाचा एक उधारीवाला पानोपानी येतो.