बंब, घंगाळ आणि मटन स्ट्रीट

घराला ‘व्हिंटेज लुक’ द्यायचाय? मग एक रविवार चोरबाजारासाठी ठेवा. आणि जमलं तर सोबत आईलाही घेऊन जा!

हल्ली कुणाच्याही नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला जा, हॉलच्या एका कोपऱ्यात एक तरी ‘जुनी’ वस्तू असतेच. पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन, डायल फिरवायचा काळा फोन, नाहीतर मर्फीचा रेडिओ. फोनला वायर नसते, रेडिओतून आवाज येत नाही, पण पाहुणे म्हणतात, ‘वॉव, कुठून आणलं?’ पांढऱ्या भिंती, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग असं सगळं कॅटलॉगमधून उचलल्यासारखं झालं, की घराला थोडं ‘कॅरेक्टर’ हवं असं प्रत्येकालाच वाटायला लागतं. आणि कॅरेक्टर विकत घ्यायचं तर मुंबईत त्यासाठी एक पत्ता ठरलेला आहे. चोरबाजार.

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं आणि मौलाना शौकत अली रोडने सरळ चालत सुटायचं. पंधरा-वीस मिनिटांत मटन स्ट्रीट येतो. (शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, इथे लाकूड आणि पितळच जास्त दिसतं.) शुक्रवारी दुकानं बंद असतात, त्या दिवशी भल्या पहाटे रस्त्यावर वेगळाच बाजार भरतो. बाकीच्या दिवशी अकरानंतर गेलेलं बरं. बाजाराच्या नावामागचे किस्सेही भारी आहेत. मूळ नाव ‘शोर बाजार’, म्हणजे गोंगाटाचा बाजार, आणि साहेबाच्या तोंडात त्याचं ‘चोर’ झालं असं सांगतात. खरं-खोटं कोण बघायला गेलंय? ‘शोर’ मात्र आजही भरपूर आहे.

लाकडात लपलेला इतिहास

गल्लीत शिरलं की आधी दिसतं ते फर्निचर. शिसवी पेट्या, सागवानी कपाटं, आरसे, दरवाजे, जिन्यांचे कठडे. जुन्या इमारती पाडल्या की त्यांचं लाकूडसामान असंच एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरत राहतं. शेजारच्या भेंडी बाजारातच बघा ना. सुमारे १६.५ एकरांवरच्या जवळपास २५० जुन्या इमारतींच्या जागी सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टचा पुनर्विकास प्रकल्प सुरू झाला आणि तिथे आता उंच टॉवर उभे राहिलेत. एकीकडे टॉवर वर जातात, दुसरीकडे कुणाच्या तरी घराचे दरवाजे फूटपाथवर येतात.

इराण्याच्या हॉटेलात बघितलेली ती वळणदार पाठीची खुर्ची इथे हमखास भेटते. तिची खानदानी गोष्ट माहितीये? मिशाएल थोनेटने १८५९ मध्ये वाफेवर लाकूड वाकवून ‘क्रमांक १४’ नावाची खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, संपली खुर्ची! सुटे भाग केले तर एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या. म्हणजे आपण ज्याला आज ‘फ्लॅट-पॅक’ म्हणून कौतुकाने घरी आणतो, तो फंडा दीडशे वर्षांहून जुना आहे.

भिंतीवर लावायला काही हवं असेल तर रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती आहेतच. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत छपाईमुळे देवीदेवता राजवाड्यातून थेट चाळीतल्या भिंतीवर आल्या. आज त्याच तसबिरी चाळीतल्या भिंतीवरून उतरून गॅलरीसारख्या फ्रेममध्ये उच्चभ्रू हॉलमध्ये जातात. गोल चक्कर पूर्ण!

आईचा चोरबाजार

मी आत्तापर्यंत चार-पाच वेळा इथे गेले असेन. मित्रमैत्रिणींबरोबर गेलं की फोटो, कटिंग चहा आणि टाइमपास. या वेळी आईला घेऊन गेले आणि गल्ली एकदम वेगळीच दिसायला लागली.

एका दुकानाच्या दारात तांब्याचं उंच पिंपासारखं काहीतरी घासूनपुसून ठेवलं होतं. वरच्या तोंडातून मनीप्लांट लोंबत होता. आई जागच्या जागी थांबली.

‘अगं, हा तर बंब! ह्यात मनीप्लांट?’

मग रस्त्यात उभी राहून तिने मला बंब समजावला. मधल्या नळीत कोळसे किंवा लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी, बाजूला तोटी. एक बादली गार पाणी वरून ओतायचं, तेव्हा एक बादली गरम पाणी घ्यायचं. गिरगावातल्या चाळीत तो पहाटे गॅलरीत पेटवायचे आणि पाच भावंडांच्या आंघोळी त्याच्यावर उरकायच्या. राख काढायची पाळी ठरलेली असायची. ‘तुझ्या मामाची पाळी असली की नेमकं त्याचं पोट दुखायचं,’ आई म्हणाली. दुकानदार मन लावून ऐकत होता. त्याच्याकडे ती वस्तू ‘कॉपर बॉयलर’ होती.

पुढच्या तासाभरात ‘ब्रास टब’चं घंगाळ झालं, ‘नट कटर’चा अडकित्ता झाला, आणि ज्याला मी कायम ‘फ्लॉवरपॉट’ समजत होते तो चंबू निघाला. दर वस्तूमागे एक माणूस येत होता. घंगाळाबरोबर दिवाळीची पहाट आणि उटणं लावणारी आजी आली. अडकित्त्याबरोबर आजोबा आले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. वस्तूचं नाव गेलं, की ती शोपीस होते. नाव माहीत असलेलं माणूस जवळ आहे तोवर ती घरातलीच असते.

खुर्चीचा रेट

आता खरं कारण सांगते. आम्ही दोघी त्या दिवशी खरेदीला गेलोच नव्हतो. गिरगावातली आईच्या माहेरची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीये. मामा-मामी पुढची काही वर्षं डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये भाड्याने राहणार, आणि आजोबांची आरामखुर्ची तिथे मावणार नाही. लांब हातांची, वेताने विणलेली, सागवानी. ‘चोरबाजारात रेट तरी काढून या,’ मामा म्हणाला होता.

आईने एका वयस्कर दुकानदाराला मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा करून बघितला.

‘लकडी अच्छी है, मौसी. केन नया डालना पडेगा. अडीच हजार दूँगा.’

त्यांच्याच मागे तशीच एक खुर्ची चकाचक करून ठेवली होती. तिचा भाव मी विचारला. चौदा हजार! त्यांनी शांतपणे हिशेब सांगितला. वेत, पॉलिश, कारागीर, टेम्पो, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत अडकलेली जागा. हिशेब काही चुकीचा नव्हता.

मग त्यांनी बोट ठेवलं ते उजव्या हातावरच्या पाच-सहा खळग्यांवर. ‘ये दाग है ना, ये पॉलिश में निकल जाएगा.’

ते डाग म्हणजे आजोबांचा अडकित्ता. रोज संध्याकाळी पेपर वाचून झाला की ते खुर्चीच्या हातावर सुपारी ठेवून फोडायचे. आजी रोज ओरडायची, लाकूड खराब होतंय म्हणून. आजोबा रोज ‘हो हो’ म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथेच फोडायचे. आईने फोन माझ्या हातातून घेतला, पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, ‘नको. पॉलिश नको.’

घरी येताना टॅक्सीतूनच मामाला फोन गेला. खुर्ची आता माझ्या ठाण्याच्या वन बीएचकेत येणार आहे. त्यासाठी ईएमआयवर घेतलेला एल आकाराचा सोफा अर्धा करावा लागतोय, हे वेगळं सांगायला नकोच.

एक वेडा संग्राहक

हे सगळं आपल्या आधी फार लवकर ओळखलं होतं ते पुण्याच्या दिनकर केळकरांनी. चष्म्याचा व्यवसाय असलेल्या घरातला हा माणूस ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करायचा आणि गावोगाव फिरून लोकांच्या घरातल्या वस्तू गोळा करायचा. दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि हा आयुष्यभराचा ठेवा शेवटी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. चोरबाजार करण्याआधी राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक चक्कर माराच. काय घ्यायचं हे कळेल की नाही माहीत नाही, पण कुठल्या वस्तूला काय म्हणतात हे नक्की कळेल.

निघण्यापूर्वी...

• खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. ‘प्युअर ब्रास’ म्हणून दाखवलेल्या वस्तूला ते चिकटलं, तर आत लोखंड आहे असं समजा.
• फर्निचर पुढून नाही, मागून आणि खालून बघा. ड्रॉवर बाहेर काढा. सगळीकडे एकसारखा गडद रंग आणि नवे कोरे स्क्रू दिसले तर वय विचारू नका, तुम्हाला कळलेलंच आहे.
• जुन्या तसबिरीवर भिंग धरा. अगदी नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आजकालची छपाई आहे.
• पितळी कर्ण्याचे कित्येक ग्रामोफोन नव्या-जुन्या भागांची खिचडी असतात. वाजवून दाखवायला सांगा.
• दिवा घेतलात तर घरी लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग बदलून घ्या. पितळेच्या भांड्यात स्वयंपाक करायचा असेल तर आधी कल्हई.
• घासाघीस करा, पण हसत. आणि जिचा काय उपयोग करणार हे ठरलेलं नाही, ती वस्तू तिथेच राहू द्या.

आणि सगळ्यात पहिली टिप, जी इंटिरियरवाला तुम्हाला कधीच देणार नाही. मटन स्ट्रीटला जाण्याआधी घरचा माळा उघडा. स्टूल घ्या, खाली आईला नाहीतर आजीला उभं करा आणि एकेक वस्तू काढून विचारा, ‘हे काय आहे?’ चोरबाजार पुढच्या रविवारीही तिथेच असेल. उत्तर देणारी माणसं आत्ता आहेत, तोवर विचारून घ्या.