नांवावरून माणूस

नव्या माणसाची ओळख झाली कीं त्याचें आडनांव विचारावें आणि तें ऐकतांच त्याची जात, प्रांत व धर्म मनांतल्या मनांत लावून मोकळें व्हावें, ही आम्हां मराठी मंडळींची जुनी खोड आहे. आडनांव ओळखीचें असलें तर काम क्षणांत उरकतें. अनोळखी निघालें तर मात्र चैन पडत नाहीं, आणि ‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न ओठांवर येतो. प्रश्न गांवाचा असतो, चौकशी कुळाची!

शेवटीं ‘कर’ दिसला कीं गांव सांपडलें, असें आम्ही समजतों. तें बहुधा खरेंही असतें. परंतु गांव सांपडलें म्हणजे माणूस सांपडला असें नव्हे. ‘बूट पॉलिश’ (१९५४) ह्या चित्रपटांतील जॉन चाचा रसिकांस आठवत असतील. त्या नटाचें पूर्ण नांव डेव्हिड अब्राहम चेऊलकर (१९०९–१९८१). नुसतें ‘डेव्हिड’ ऐकणारा त्यांस ख्रिस्ती ठरवील, नुसतें ‘चेऊलकर’ ऐकणारा हिंदु. ते होते बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचे. पेणकर, रोहेकर, केहिमकर हीं त्यांचीं आडनांवें आजच्या रायगड जिल्ह्यांतील गांवांवरून पडलीं. हे लोक तेलाचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. गांवकऱ्यांनीं आचार पाहून नांव ठेविलें. आम्ही नांव ऐकून आचार ठरवितों!

गोव्यांत प्रकार उलटा. तेथील डिसोझा व परेरा ह्यांच्या आडनांवांत पोर्तुगीज रक्त शोधणें बहुधा व्यर्थ होय. धर्मांतराच्या वेळीं पाद्री किंवा धर्मपिता ह्यांचें आडनांव घेण्याची तेथें चाल होती. त्या नांवांत वंश नाहीं. कोण्या पूर्वजाच्या आयुष्यांतला एक दिवस आहे.

हा सारा घटकाभर करमणुकीचा विषय वाटेल. परंतु त्याची किंमत दुसऱ्यास मोजावी लागते. बेने इस्राएल समाजांतील पुष्कळ कुटुंबें १९४८ नंतर इस्राएलांत गेलीं. तेथेंही त्यांस कुळाचा प्रश्न चुकला नाहीं. इतर यहुद्यांशीं त्यांचा विवाह लावण्यापूर्वीं वंशाची चौकशी व्हावी, असा दंडक तेथील धर्मपीठानें १९६२ च्या सुमारास घातला. समाजानें चळवळ केली, तेव्हां कुठें १९६४ सालीं त्यांचें यहुदीपण निर्विवाद मानलें गेलें. ज्यांनीं कोंकणांत पिढ्यान् पिढ्या शनिवार पाळला, त्यांसच आपण कोण हें सिद्ध करावें लागलें.

आमच्याकडे असें धर्मपीठ नाहीं. पण भाड्यानें खोली शोधणाऱ्याचें आडनांव ऐकून घरमालक जेव्हां जरा थबकतो, तेव्हां तोही त्याच पीठावर बसलेला असतो. नांवांचा अभ्यास अवश्य करावा. त्यांत गांवें, धंदे आणि प्रवास ह्यांचा मोठा इतिहास सांठलेला आहे. मात्र इतिहास वाचणें निराळें आणि निवाडा देणें निराळें. समोरच्यानें नांव सांगितलें म्हणजे त्यानें हांक मारण्यापुरता अधिकार आपणांस दिला, एवढेंच समजावें.