चांद्यापासून बांद्यापर्यंत एकच रांग

महाराष्ट्राचा विस्तार एका दमात सांगायचा झाला, की वक्ते ‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ असे म्हणतात. त्यांतील चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि बांदा म्हणजे आमचे गाव. तेरेखोल नदीच्या काठी वसलेले हे गाव सोडून पत्रादेवीचा नाका ओलांडला, की गोव्याची हद्द लागते. ज्यांनी बांदा कधी पाहिले नाही त्यांच्याही तोंडी या वाक्प्रचारामुळे त्याचे नाव असते. मात्र त्यात आमचा क्रमांक नेहमीच शेवटचा. मुंबईहून निघालेली प्रत्येक गोष्ट वाटेत सर्वांना भेटून, उरली तर आमच्यापर्यंत पोहोचावी, असा आमच्या पिढीचा अनुभव. दादरच्या शिवाजी मंदिरात अमुक नाटकाचा ‘प्लॅन’ अमुक दिवशी उघडणार, ही जाहिरात आम्ही वर्तमानपत्रात मोठ्या आवडीने वाचत असू. पण ती केवळ वाचण्यापुरती. तिकिटांची खिडकी पाचशेहून अधिक किलोमीटरवर! तिथवर हात पोहोचणार कोणाचा?

म्हणूनच तिकिटे प्रथम संगणकावर आणि पुढे मोबाईलवर मिळू लागली, तेव्हा आमच्यासारख्या टोकाच्या गावांना त्यात सोयीबरोबर एक न्यायही दिसला. खिडकी आता ज्याच्या त्याच्या तळहातावर आली होती. वांद्र्याचा मुलगा आणि बांद्याची मुलगी एकाच घटकेला, एकाच रांगेत उभी राहणार होती. आयुष्यभर शेवटी उभे राहिलेल्यांना या आश्वासनाचे मोल अधिक. पुढे या आश्वासनाचे काय झाले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

दिनांक २२ सप्टेंबर २०२४. रविवार होता. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात व्हायचे होते आणि त्यांची तिकिटे त्या दिवशी दुपारी १२ वाजता खुली होणार होती. सकाळच्या मिस्साहून परतताच आमची भाची आणि तिचा भाऊ मोबाईल, लॅपटॉप आणि शेजारच्या घरातून मागून आणलेला आणखी एक मोबाईल घेऊन ओटीवर बसली. जेथे इंटरनेट बरे मिळते, ती घरातली एकमेव जागा म्हणजे ओटीचा उजवा कोपरा. आम्ही कुतूहलाने वाकून पाहू लागलो, तशी भाची म्हणाली, “मामा, फोनाक हात लावू नकात, रांग मोडात!” रांगेला हात लागला तर ती मोडते, हे आम्हांला नवीन होते.

बाराच्या ठोक्याला पडदा पांढरा झाला. काही वेळाने तो पुन्हा उजळला, तेव्हा भाचीच्या पुढे साडेसहा लाखांहून अधिक माणसे उभी होती. दोन दिवसांच्या कार्यक्रमांत तिसऱ्याची भर पडल्याची बातमी मध्येच आली, आशा पालवली. पण क्रमांक काही हलला नाही. जेवणे निवली. तिन्हीसांजेच्या पुष्कळ आधी ‘तिकिटे संपली’ असा निरोप आला. त्याच संध्याकाळी अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत मूळ किंमत असलेली तीच तिकिटे परदेशी पुनर्विक्रीच्या स्थळांवर लाखांच्या घरात मांडलेली दिसली. भाची रडली नाही. “आपल्या नशिबात नव्हते,” इतकेच म्हणाली. नेमके हेच वाक्य आम्हांला खटकले. कारण यात नशीब किती आणि मनुष्याची करणी किती, याचा हिशेब कोणीच तिला दिला नव्हता.

हिशेब मांडून पाहू. त्या दिवशी सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी तिकिटासाठी प्रयत्न केल्याचे पुढे सांगण्यात आले. तीन रात्री मिळून जागा दोन लाखांच्या आतल्या. म्हणजे एका जागेमागे साठाहून अधिक इच्छुक, आणि एकेकाला चार तिकिटे घेण्याची मुभा. तेव्हा बहुतेकांच्या पदरी निराशा येणार हे विधिलिखित नव्हे, साधे अंकगणित होते. एवढ्या लोकांना एवढ्या जागांत बसवणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती रांगेच्या स्वभावाबद्दल. अशा विक्रीत बहुधा आधी एक ‘प्रतीक्षागृह’ उघडते. विक्री सुरू होण्याच्या क्षणी तेथे जे जे असतील त्यांना यंत्र चिठ्ठ्या टाकल्यासारखे क्रमांक देते. तासभर आधी आलेला आणि अखेरच्या मिनिटाला आलेला, दोघांची किंमत सारखीच. चिठ्ठ्या टाकणे वाईट नाही; यहूदाची रिकामी जागा भरताना प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पण ती सोडत सर्वांसमक्ष होती. येथे सोडतीला रांगेचे सोंग दिलेले असते. शिवाय कित्येकदा मुख्य दाराआधी एक लहान दार उघडलेले असते. दिलजित दोसांझ यांच्या २०२४ च्या दौऱ्याच्या वेळी एका बँकेच्या विशिष्ट कार्डधारकांना इतरांच्या दोन दिवस आधी तिकिटे घेता आली. ज्याच्या खिशात ते कार्ड नाही, त्याच्यासाठी रांग सुरू होण्यापूर्वीच काही जागा गेलेल्या असतात. किती गेल्या, हे मात्र त्याला दारावर कोणी सांगत नाही.

हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असेही नाही. अमेरिकेत टेलर स्विफ्ट या गायिकेच्या दौऱ्यासाठी ‘टिकेटमास्टर’ कंपनीने खऱ्या चाहत्यांची आगाऊ नोंदणी केली, तेव्हा सुमारे ३५ लाख लोकांनी नावे दिली. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांतील निवडकांसाठी विक्री खुली होताच यंत्रणा कोलमडली. त्या एका दिवसात २० लाखांहून अधिक तिकिटे गेली आणि सर्वसामान्यांसाठी ठेवलेली १८ नोव्हेंबरची विक्री रद्दच करावी लागली. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्याची सुनावणी झाली. माणसाच्या वेगाने बटण दाबणाऱ्याला हरवणाऱ्या संगणकी दलालांविरुद्ध त्या देशाने २०१६ मध्येच कायदा केला होता, तरीही हे घडले.

आता कोणी म्हणेल, पूर्वी काय सगळे सोवळे होते? मुळीच नव्हते. चित्रपटगृहांबाहेर दहाचे तिकीट वीसला विकणारे आम्हीही पाहिले आहेत. पण त्या माणसाला चेहरा होता. त्याच्याशी घासाघीस करता येई, पोलीस आला की तो पळे. आणि जागा अडवणे तर आम्ही स्वतः केले आहे. जत्रेच्या रात्री दशावताराला तिकीट नसे, आजही नसते. मोचेमाडकर, वालावलकर, चेंदवणकर यांच्या कंपन्यांचे खेळ पाहायला आम्ही ख्रिस्ती घरांतली मुलेही हिरिरीने जात असू. सांज होताच वडीलधारी मंडळी आम्हांला गोणपाट देऊन जागा धरायला पिटाळीत. हीसुद्धा एक प्रकारची आगाऊ नोंदणीच! परंतु कोणाचे गोणपाट कोठवर पसरले आहे ते सगळ्या जत्रेला दिसे. कोणी फार हातपाय पसरले, की शेजारची म्हातारी खडसावून ते निम्मे दुमडायला लावी. म्हापशाला हनुमान नाट्यगृहात तियात्र पाहायला जाताना आगाऊ तिकीट दुकानदाराच्या हातून घ्यावे लागे. संपले असेल तर तो तोंडावर सांगे, आणि पुढच्या खेळाची तारीखही सांगे. नकार तोही होताच, पण एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेला.

रांग ही मुळात शेजारधर्माची गोष्ट आहे. पुढचा कोण, मागचा कोण हे ठाऊक असते म्हणून मनुष्य रांगेत आपणहून उभा राहतो. अर्ध्या तासासाठी जागा राखायला सांगून तो घरी जाऊन येऊ शकतो. नवी रांग आम्हांला शेजारी देत नाही. साडेसहा लाख माणसे पुढे आहेत म्हणे, पण त्यांतील एकाचीही पाठ दिसत नाही. त्यांत माणसे किती आणि दलालांची यंत्रे किती, हेही कळत नाही.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील बेथेस्दाचे तळे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. पाच ओवऱ्या, त्यांत पडून असलेले आजारी, आणि पाणी हलण्याची वाट. अडतीस वर्षांचा तो दुखणाईत प्रभू येशूला जे सांगतो, ते असे : मला पाण्यात नेणारे कोणी नाही, आणि मी जाईपर्यंत माझ्याआधी दुसराच कोणी उतरतो. करमणुकीच्या तिकिटाची तुलना त्या दुखण्याशी करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण जो आधी झेपावेल त्याचे, हा नियम कोणाला नेहमीच मागे ठेवतो, हे त्या कथेत स्पष्ट दिसते. ज्याला धावता येते त्याला तो नियम न्याय्य वाटतो. ओटीच्या उजव्या कोपऱ्यातच ज्याला इंटरनेट मिळते त्याला तो कसा वाटेल? आणि प्रभूने त्या माणसाला अधिक वेगाने धावायला शिकवले नाही. गर्दीतून त्याने नेमके त्यालाच पाहिले आणि त्याची विचारपूस केली.

विचारपूस करण्याचे काम संसारी जगात शासनाचे आणि विक्रेत्यांचे. ‘कोल्डप्ले’ प्रकरणानंतर मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली, उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळताना, कायदे करणे हे विधिमंडळाचे काम आहे, असा न्यायालयाचा रोख होता. तो मान्य केला, तर विधिमंडळाकडे पाहायला हवे. उपाय अशक्य कोटीतले नाहीत. गणपतीला गावी येण्यासाठी तिकिटाच्या रांगेत हरलेला चाकरमानी आम्हांला परका नाही. रेल्वेने १ जुलै २०२५ पासून इंटरनेटवरील तत्काळ तिकिटांना आधारची पडताळणी लागू केली आणि विक्रीच्या पहिल्या अर्ध्या तासात दलालांना मज्जाव केला. ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ किमतीहून अधिक दराने तिकिटांची पुनर्विक्री करण्यावर बंदी आणण्याचे जाहीर केले. खुद्द ‘कोल्डप्ले’नेही मुंबईच्या कार्यक्रमांची थोडी तिकिटे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे दोन हजार रुपयांना, एकेकाला दोनच अशी दिली. ती आमच्या मुलांना मिळाली नाहीत हा भाग निराळा; परंतु मनात आणले तर काही जागा गरिबासाठी राखता येतात, एवढे त्यावरून सिद्ध झाले. आमची मागणी याहूनही साधी आहे. जागा किती, त्यांतील आधीच किती दिल्या, उरल्या किती, हे विक्रीपूर्वी दारावर लिहावे. खरे आकडे समोर असते, तर आमच्या भाचीने साडेतीन तास बसायचे की नाही, हे तिचे तिने ठरवले असते.

त्याच वर्षाच्या अखेरीस आम्ही सारे आणखी एका रांगेत उभे राहिलो. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात से कॅथेड्रलमध्ये होते. त्याला तिकीट नव्हते. डिसेंबरातल्या एका दिवशी पहाटेच बांद्याहून निघालो, तरी रांग आमच्या आधी जागी होतीच. कोणी जपमाळ म्हणत होते, कोणी मुलांना कडेवर बदलून घेत होते. काठी टेकत आलेल्या एका आजीला लोकांनी न सांगता वाट करून दिली. ऊन चढले, पाय दुखू लागले, रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती; अखेरीस दर्शन झाले ते काही क्षणांचेच. दर्शन आणि गायन यांची बरोबरी होत नाही. पंचेचाळीस दिवसांचे दार आणि तीन रात्रींचे दार यांत फरक असणारच. पण रांगेत असतानाच भाची जे बोलली, ते आमच्या लक्षात राहिले. ती म्हणाली, “मामा, हयसर फुडचो माणूस दिसता तरी.”

ज्या संताच्या दर्शनाला आम्ही गेलो होतो, त्यांचे अखेरचे दिवसही वाट पाहण्यातच गेले. चीनच्या किनाऱ्यासमोरील सांशियान बेटावर, पैलतीरी गुपचूप पोहोचवण्याचे वचन दिलेल्या व्यापाऱ्याच्या नावेची ते वाट पाहत राहिले. नाव आली नाही. ३ डिसेंबर १५५२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. वाट पाहणे हा काही अपमान नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे. आगमनकाळाचे चार रविवार आपल्याला तेच शिकवतात. आपली मुले वाट पाहायला तयार आहेत. तीन-तीन तास न जेवता बसण्याची त्यांची तयारी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. तरुणांना धीर नाही, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एकदा त्यांच्याशेजारी ओटीवर बसून पाहावे. त्यांच्या धीराचा कोणी खेळ मांडू नये, एवढेच मागणे. चांद्यापासून बांद्यापर्यंत एकच रांग लावणार असाल तर अवश्य लावा, आम्ही शेवटी उभे राहू. मात्र ती रांग आहे की सोडत, हे आम्हांला आधी खरे सांगा.