मोडण्यासाठीच घातलेली पिन

ऑगस्ट २०१९ ची ती रात्र आमच्या वस्तीत कोणीच विसरणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांपुढे गेले होते. आम्ही साठ-सत्तर माणसे एका गच्चीवर बसून होतो. लहान मुले रडून रडून झोपी गेली होती. पहाटे इंजिन लावलेली एक नाव आली. सर्वांच्या जिवात जीव आला. माणसे चढवण्यासाठी नावाड्याने इंजिन बंद केले आणि ते पुन्हा सुरूच होईना. त्याने वीस वेळा दोरी ओढली, हाताला फोड आले. शेवटी वल्हे मारत तो चार म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेला. बाकीचे आम्ही दुपारपर्यंत तिथेच होतो.

पुढे समजले, ते इंजिन कित्येक वर्षे एका गोदामात पडून होते आणि पूर आल्यावरच बाहेर काढले होते. तेव्हा मला नावाड्याचा राग आला होता. आज येत नाही. वर्षानुवर्षे चालवलेच नाही, ते वेळेला चालणार कसे?

२०२० च्या दिवाळीनंतर भंगाराच्या दुकानात मला तसेच एक इंजिन दिसले. नावेच्या मागे टांगायचे, दहा घोडाशक्तीचे, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घडणीचे. नावाची पट्टी झिजून गेलेली. दुकानदाराने वजनावर साडेचार हजार सांगितले. माझ्या कारकुनी पगारात ते बसेना. वस्तीतल्या बचत गटाच्या आक्का म्हणाल्या, "दादा, पैसं आमी देतो. पर वही आमच्याकडं ऱ्हाईल. कुटं काय खर्चलं, समदं लिवायचं." बी.कॉम. झालेल्या माणसाला हिशेब विचारणाऱ्या बाया भेटल्या, याचा मला आनंदच झाला.

पंप दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री आमचे गुरू झाले. इंजिन पाहताच आमच्या पोरांनी दोरीला हात घातला. मिस्त्री ओरडले, "ए, हात काढ! धरलेलं इंजिन ओढशील तर आतलं मोडंल." त्यांनी दोन्ही स्पार्क प्लग काढले, त्या भोकांतून रॉकेल आणि तेल सोडले आणि आठ दिवस हात लावू दिला नाही. नवव्या दिवशी फ्लायव्हील हाताने हळूच हलवले. ते सुईभर सरकले. त्या दिवशी आम्ही सर्वांनी चहा घेतला.

मग एकेक गोष्ट कळत गेली. फ्लायव्हीलखाली ठिणगी पाडणारे पॉइंट असतात. ते गंजले होते. बारीक पॉलिश कागदाने घासून त्यांच्यात अर्धा मिलिमीटर अंतर ठेवले, तेव्हा निळी ठिणगी पडली. कार्ब्युरेटरमध्ये जुने पेट्रोल सुकून डिंकासारखे चिकटले होते. त्याची भोके तारेने नव्हे, हवेने साफ करायची, कारण तारेने भोक मोठे होते. खाली पाणी खेचणारा रबरी पंखा वाळून चिरला होता. नदीचेच पाणी खेचून हे इंजिन थंड राहते. म्हणून ते कोरडे कधीच चालवायचे नाही, पाण्याच्या पिंपात उभे करूनच सुरू करायचे. गिअरचे तेल दुधासारखे पांढरे निघाले, म्हणजे सीलमधून पाणी आत शिरत होते. सील बदलले. असल्या जुन्या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. आमच्या इंजिनाला १२ लिटरला अर्धा लिटर.

रात्री घरी मी या इंजिनांचा इतिहास वाचत असे. असे प्रयत्न आधीही झाले होते, पण हे इंजिन घरोघर पोचवले ओल इव्हिनरूड याने. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या शेतावर वाढलेला. लहानपणीच शाळा सुटली. सोळाव्या वर्षी तो मॅडिसनला कारखान्यात कामाला लागला आणि पुस्तके वाचून स्वतःच यंत्रविद्या शिकला. १९०९ मध्ये त्याने मिल्वॉकीत आपले इंजिन बाजारात आणले. दीड घोडाशक्ती, वजन सुमारे २८ किलो. हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिराती त्याची पत्नी बेस पाहत होती. हे मी आक्कांना सांगितले. त्या म्हणाल्या, "बगा, तिथंबी वही बाईकडंच हुती!" त्या नावाची इंजिने बनवणे २०२० मध्ये बंद झाले. पण १९६५ पासून अमेरिकेत जुन्या इंजिनांची निगा राखणाऱ्या हौशी लोकांची संघटना आहे. त्यांच्यासाठी तो छंद आहे, आमच्यासाठी गरज होती. पण हात दोघांचेही सारखेच काळे होतात.

मे २०२१ मध्ये नावाडीमामांच्या नावेला मागे सागाची जाड फळी ठोकून आम्ही इंजिन नदीत उतरवले. ते चालले! पोरांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात पंखा दगडाला लागला, खट् झाले. इंजिन चालू, पण नाव जागेवर. पंख्याच्या दांड्यात एक लहान पितळी पिन असते, ती तुटली होती. मिस्त्री तिला 'कट पिन' म्हणत. एका पोराने हुशारी करून तिथे पोलादी खिळा ठोकला. मिस्त्रींनी तो उपटून फेकला. म्हणाले, "ती पिन मोडायसाठीच घातल्याली असती रं. ती मोडली म्हणून गिअर वाचला. खिळा मोडणार न्हाई, मग गिअर मोडंल. गिअर कुटनं आणणार?" लेथवर त्यांनी दहा पिना कापून दिल्या. नावेतल्या डब्यात त्या ठेवायच्या, असे वहीत लिहिले.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढले. आम्ही तहसील कार्यालयात नावेची आणि चालवणाऱ्यांची नावे आधीच देऊन ठेवली होती. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला जास्त माणसे भरलेली नाव उलटली होती, ते आम्ही विसरलो नव्हतो. म्हणून नियम केला: एका खेपेला पाचच माणसे आणि प्रत्येकाच्या अंगात जाकीट. लोक चिडले, पण आक्का काठावर उभ्या राहून मोजत होत्या. त्यांच्यापुढे कोणाचे चालले नाही.

दुसऱ्या रात्री एक बाळंतीण, तिचे दहा दिवसांचे बाळ आणि सासू नावेत होती. पाण्याखालच्या कुंपणाची तार पंख्यात अडकली. खट्! नाव धारेला लागली. मी डबा चाचपला. डबाच नव्हता! दुपारी मीच तो कोरडा ठेवायला म्हणून घरी नेला होता. बाळाकडे पाहवेना. नावाडीमामांनी वल्ह्याने एका झाडाला नाव अडवली. तेव्हा खिळा उपटला गेलेला तोच पोरगा खिशात हात घालून म्हणाला, "काका, माझ्याकडं दोन हाईत." बॅटरीच्या उजेडात त्याने तार सोडवून पिन बसवली. दोरीच्या पहिल्याच ओढीला इंजिन लागले.

ही चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी मी ती वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिली, खाली सही केली.

आजही महिन्याच्या पहिल्या रविवारी इंजिन पिंपात उभे करून आम्ही ते दहा मिनिटे चालवतो. नंतर टाकीतले आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून टाकतो, कारण हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओल धरते. दोरी आता पोरी-पोरे दोघेही ओढतात. पिना डब्यात आहेत, शिवाय प्रत्येकाच्या खिशातही आहेत.

वाचकहो, तुमच्या गावात, वस्तीत, कचेरीत वेळेला उपयोगी पडणारे एखादे यंत्र धूळ खात पडले असेल. पंप असेल, जनरेटर असेल, नाव असेल. ते आहे की नाही, एवढेच विचारू नका. शेवटचे कधी चालवले, ते विचारा. आणि उत्तर मिळाले नाही तर येत्या रविवारी चार पोरे आणि एक वही घेऊन स्वतः जा.