आधी शाखा, मग मुख्य कचेरी

हुबळी-धारवाडच्या कचेऱ्यांसाठी राउटर-स्विच निवडता निवडता माझं एक मत पक्कं झालं आहे : सामानाची यादी सगळ्यांत लांबच्या शाखेपासून करायला घ्यावी. कर्नाटक विकास ग्रामीण बँकेचं उदाहरण घ्या. मे 2025मध्ये ती राज्याच्या एकाच ग्रामीण बँकेत विलीन झाली. तोवर तिचं मुख्य कार्यालय धारवाडला होतं आणि शाखा विजापूरपासून मंगळूरपर्यंत पसरलेल्या होत्या. एवढ्या पसाऱ्यात शहरात जनरेटर आणि हाकेच्या अंतरावर इंजिनिअर मिळतो. जोयड्यासारख्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात वीज गेली की शाखेत उरतात ते कॅशियर आणि खोळंबलेले खातेदार. म्हणून तिथला राउटर बिनपंख्याचा हवा. पंखा धूळ आत ओढतो आणि आधी तोच बंद पडतो. पासबुकाच्या नोंदींना वेग फारसा लागतच नाही, लाइन मात्र टिकावी लागते. दोन कंपन्यांच्या फायबर घेतल्या तरी त्या बहुधा एकाच चरातून गेलेल्या असतात आणि जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. दुसरी लाइन सिमकार्डावरचीच घ्यावी. टॉवरच नसेल तर व्हीसॅट, म्हणजे उपग्रहावरची लाइन. उपग्रह जवळपास 36,000 किलोमीटर उंचीवर, त्यामुळे प्रत्येक उत्तराला अर्धा सेकंद लागतो. व्यवहाराला तेवढं चालून जातं.

यावर हमखास म्हटलं जातं की शाखा बंद पडली तर एक गाव अडेल, मुख्य कचेरी पडली तर सगळेच. बरोबर आहे, म्हणून तिथे राउटरची जोडी हवीच. पण ती केवढी, हे शाखाच ठरवतात. प्रत्येक शाखेचा एन्क्रिप्ट केलेला व्हीपीएन तिथे येऊन मिळतो आणि माहितीपत्रकावर ठळक छापलेला वेग बऱ्याचदा एन्क्रिप्शनशिवायचा असतो. शाखांची गरज आधी मांडली नसेल तर हा हिशेब करणार कशावर?

शाखांत सगळीकडे राउटरचं एकच मॉडेल असावं, असंही मी म्हणतो. तसं केलं तर एका दोषाने सगळं जाळं कोसळेल, ही शंका जास्त वजनदार आहे. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर आधी मोजक्या शाखांत चालवून पाहावं. एकच मॉडेल असलं की सेटिंग करून ठेवलेले जादा नग बेळगाव-कारवारला ठेवता येतात. निळी केबल निळ्या पट्टीच्या पोर्टात खोचली की कारकूनसुद्धा डबा बदलू शकतो. हे जादा नग, यूपीएस आणि आर्थिंग मूळ टेंडरमध्येच धरावं. वळवाच्या विजांनी पोर्ट जळायला लागले की वेगळी मंजुरी येईपर्यंत शाखा बंदच राहते.