काळी पाच

चवथ जवळ आली की आमच्या घरी दोन गोष्टी हमखास होतात: माटोळीच्या लाकडांची डागडुजी आणि बाबांच्या पेटीवरून वाद. गेल्या चवथीला वाद मुलीने सुरू केला. "पप्पा, आजोबांच्या पेटीतला रिषभ उतरलेला आहे."

बाबा फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळात भजनाला पेटी धरायचे. ही पेटी त्यांनी स्वतः लावलेली. तंबोरा काळी एकमध्ये जुळवायचा, पेटी उघडायची आणि एकेक पितळी सूर कानसेने हळूच घासायचा. टोकाकडे घासले की सूर चढतो, मुळाकडे घासले की उतरतो. दुकानातल्या पेटीचा गंधार त्यांना कायम चढा वाटे.

बाबांना जाऊन आठ वर्षे झाली. मुलगी काळी चारमध्ये गाते, सध्या भूप शिकते आहे. पेटी दुरुस्तीवाल्याला दाखवली, तर तो म्हणाला, "सगळीच नव्याने लावून देतो, मग कुठल्याही पट्टीत वाजवा." बोलणे रास्तच होते. पण मला वाटले, हा माणूस बाबांचा कान पुसून टाकायला निघाला आहे.

मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कारकून. गणिताशी संबंध पगारपत्रकापुरता. तरी त्या रात्री कागद घेऊन बसलो.

समजा, बाबांचा सा सेकंदाला 240 कंपनांचा. शुद्ध जुळलेला रे 270, ग 300, प 360, ध 400 आणि नि 450. आता गंमत पाहा. सा ते रे हे अंतर नवास आठ, आणि रे ते ग हे दहास नऊ. दोन्हींना आपण 'पूर्ण स्वराचे अंतर' म्हणतो, पण पहिले मोठे आणि दुसरे किंचित लहान. दुकानातली पेटी हा भेद मिटवून दोन्ही पायऱ्या सारख्या करते. त्यात गंधार 302च्या पुढे सरकतो. बाबांना खुपायचा तो हाच.

मुलीचा सा म्हणजे काळी चार, अर्थात बाबांचा पंचम, 360. तिच्या भूपाचे स्वर मांडले. तिचा ग 450, तो बाबांचा निषाद. तिचा प 540, तो वरचा रिषभ. ध 600, तो वरचा गंधार. सगळे चोख. चुकतो फक्त रे. तिला 405 हवा आणि काळी पाचवर बाबांचा धैवत बसलाय, 400 वर. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला पाच हेलकावे ऐकू येतील. पोरीचा कान खरा होता, आणि बाबांचाही. बाबांच्या पंचमापासून लहान पायरी आधी येते, मग मोठी. पोरीला मोठी आधी हवी.

हे भांडण आमच्या घरचे नाही, फार जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामात मध्यम ते पंचम चार श्रुती आणि पंचम ते धैवत तीन. मध्यमग्रामात पंचम एक श्रुती उतरवला की तेच तीन आणि चार होते. ती एक श्रुती म्हणजेच प्रमाणश्रुती. बाविसांच्या त्या हिशेबाच्या नादी आमच्यासारखा एक सरकारी माणूसही लागला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. 1910 साली श्रुतींवर त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे त्यांना साहाय्य होते. पुढे क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुतींची पेटीही झाली. देवलांबद्दल वाचले तेव्हा उगाच अभिमान वाटला. फायलींतून मान वर काढून कोणीतरी सूर मोजत होता तर!

काळी पाचचा सूर टोकाला थोडा घासला असता तर पोरीचे काम झाले असते. कानस हातात घेतलीही होती. पण मग बाबांचा धैवत गेला असता, आणि घासलेले पितळ परत येत नाही.

शेवटी ठरले ते असे. आरत्यांना पेटी काळी एकमध्ये, बाबांच्या सुरात, घुमटाच्या जोडीला. मुलगी भूप गायला बसली की तंबोरा काळी चारमध्ये आणि पेटीवर मी. फक्त काळी पाचला बोट लावायचे नाही. रिषभ आला की भाता चालू, बोट उचललेले. तो तिने तंबोऱ्याच्या पंचमावरून आपला शोधायचा.

पहिले चार दिवस चाचपडली. पाचव्या दिवशी रिषभावर थांबली आणि माझ्याकडे बघितलेही नाही. बाबाही सूर सापडला की कोणाकडे बघत नसत.