पाय टेकायचा नाही

यॉर्कशरमध्ये आज दिवसभर पाऊस. गॅरेजात बसून ट्रायल्सच्या, म्हणजे दगडधोंड्यांतून पाय न टेकता चालवायच्या स्पर्धेच्या, मोटरसायकलचं मागचं टायर तपासलं. हवा जेमतेम ४-५ पीएसआय. पुण्यातला पंक्चरवाला काही न विचारता पंप लावेल! पण ओल्या दगडाला टायर चिकटायचं तर ते असंच लिबलिबीत हवं. गाडीला सीट नाही, वजन सत्तर किलोच्या आसपास, आणि वेगाला काडीची किंमत नाही. सेक्शनमध्ये, म्हणजे आखून दिलेल्या अवघड टप्प्यात, एकदा पाय टेकला की एक गुण, दोनदा दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात तर पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला. शून्य मिळवून पेढे वाटावेत अशी दुसरी परीक्षा मला माहीत नाही.

ट्रायल्सपटू सॅमी मिलरने जड ब्रिटिश फोर-स्ट्रोक एरियल सोडून १९६५ मध्ये स्पेनच्या हलक्या टू-स्ट्रोक बुल्टाकोवर ‘स्कॉटिश सिक्स डेज’ ही ट्रायल्स स्पर्धा जिंकली आणि ब्रिटिश फोर-स्ट्रोकची सद्दी संपत गेली. गाडी कुठलीही असो, मला तरी ताकदीपेक्षा क्लचवरचं एक बोट महत्त्वाचं वाटतं. आणि सेक्शन आधी पायी फिरून बघणं. निम्मी स्पर्धा तिथेच होते. दगड कुठला हलतो, मूळ कुठे निसरडं आहे, ते बुटालाच कळतं.

एअर फिल्टर धुऊन, तेल लावून वाळत टाकलाय. आता चेन.